नणंद सुरतेत आणि आम्ही लॉजवर

धुळ्याच्या माणसाला सुरतेत लॉज कशाला लागतो, हा प्रश्न परत आल्यापासून माझ्या शिवणक्लासातल्या प्रत्येक बाईने विचारून झालाय. प्रश्न बरोबरच आहे. आमच्या खानदेशात अशी गल्ली नाही जिथून कुणी सुरतेला गेलेलं नाही. कुणी लूमवर, कुणी डाइंगमध्ये, कुणी साड्यांना लेस लावायला. त्यामुळे सुरतेत उतरलेला आमचा माणूस पिशवी खांद्याला लावून सरळ कुणाच्या तरी दारात उभा राहतो, आणि दार उघडणारी बाई पाण्याचा तांब्या देतादेताच परात पुढे ओढते. लॉज वगैरे परक्यांसाठी.

मला मात्र लॉजवरच राहायचं होतं. लग्नाला वीसेक वर्षं झाली, फिरणंही बऱ्यापैकी झालं. नाशिक, इंदूर, पुणे, अगदी नागपूरसुद्धा. पण प्रत्येक गावात कुणाचं तरी घर. पाहुणा असतो तो पुरुष. त्याच्यासाठी गादी झटकतात, चहा हातात आणून देतात. बाई फक्त स्वयंपाकघर बदलते. यजमानीण उठायच्या आत उठायचं, ‘बसा हो, मी करते’ असं ती म्हणेल तेव्हा ‘असू द्या हो’ म्हणत लाटणं हातात घ्यायचं, आणि निघताना मिळालेल्या ब्लाउजपिसाचं कौतुक करायचं. मी शिवणकाम करते, त्या पिसाचा पन्हा किती कमी आहे ते मला घडी न मोडता कळतं, पण बोलायची सोय नसते.

आमचे हे शाळेत चित्रकला शिकवतात. माणूस सरळ. ‘एकदा तरी मला लॉजवर ने’ हे माझं म्हणणं त्यांना कधी नीट कळलं नाही, पण यंदा द्वारकेच्या यात्रेत एका धर्मशाळेत शेजारच्या खोलीतली भजनं ऐकत पडलो होतो तेव्हा त्यांनी कबूल केलं. द्वारकेबद्दल मी वेगळं काय लिहू? देव पाहिला, समुद्र पाहिला, समुद्र जरा जास्त पाहिला. परत येताना सौराष्ट्राकडची गाडी दुपारी सुरतेला सोडते आणि ताप्ती लाइनवरची आमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. नरडाण्याला उतरून पुढे धुळ्याची एस.टी. म्हणजे सुरतेत एक मुक्काम होणारच होता. तो लॉजवर करायचा, हे ठरलं.

अडचण एकच होती, तारा. ह्यांची धाकटी बहीण. सुरतेत पर्वत पाटियाला राहते, आणि सुरतेतून जाऊन भाऊ आपल्या दारात आला नाही हे तिला कळलं असतं तर तिने आमच्या घराची पायरी पुन्हा चढली नसती. आमच्याकडे असल्या गोष्टी विसरत नाहीत. ह्यांच्या एका चुलत आत्याने अशाच कारणावरून माहेरच्या दोन लग्नांना पाठ फिरवली होती. ह्यांचा तर तारा म्हणजे जीव की प्राण. तेव्हा ताराला कळू द्यायचं नाही, या अटीवर मला माझी एक रात्र मिळाली.

स्टेशनबाहेर

जानेवारीचे दिवस होते. उन्हात बरं वाटत होतं. प्लेगनंतर सुरत चकाचक झाली असं आम्ही ऐकून होतो, पण ऐकलेलं आणि पाहिलेलं एक निघालं याचा मला आनंद झाला. रस्ते झाडलेले. आमच्या धुळ्याच्या स्टँडबाहेर जिथे गाई बसतात, तिथे इथे चक्क कुंड्या होत्या. ह्यांनी मात्र यातलं काही पाहिलं नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता.

रिक्षावाला चाळिशीचा, भरघोस मिशांचा. “बोलो काका, किधर जानेका?” त्याने विचारलं. “कोई अच्छा लॉज दिखाओ,” ह्यांनी मफलरातून सांगितलं. रिक्षा सुरू झाली आणि आम्ही दोघं निवांतपणे आपल्या बोलीत सुरू झालो. गुजरातेत अहिराणी कुणाला समजतेय!

“पर्वत पाटियाकडे अजिबात जावानं नही,” हे म्हणाले. “तठे बठ्ठा आपलाच लोके. तारानी खानावळ तठेच शे. कोनी देखी लिधं तं झायं!”

“आन् सुदामभाऊ?” मी विचारलं. सुदाम म्हणजे ताराचा नवरा.

“तो पलसाणाले डाइंगमा ऱ्हास, सांजले येस. त्याना घोर नही. घोर ताराना शे.”

ताराचा घोर करत करत आम्ही पहिल्या लॉजवर पोचलो. स्टेशनच्या अगदी जवळ. मॅनेजरने आम्हाला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि किती तासांसाठी खोली हवी म्हणून विचारलं. हे मफलरासकट लाल झाले. “हमारा शादी हुआ है,” एवढंच त्यांना सुचलं. मी जिन्यातूनच परत फिरले. रस्त्यावर आल्यावर मात्र मला इतकं हसू आलं की रिक्षाचा दांडा धरून उभी राहिले.

दुसरं हॉटेल रिक्षावाल्याने रिंग रोडला दाखवलं. काचेचं दार, दारात फेटा बांधलेला माणूस. त्याने आम्हाला सलाम ठोकला. ह्यांनी त्याला उलट सलाम केला, आणि मग दोघंही एकमेकांसमोर तसेच उभे. आतल्या दिवाणखान्यात संगमरवराची फरशी होती आणि तिच्यात माझ्या चपलेचा तुटलेला आणि मोच्याने शिवलेला अंगठा मला स्वच्छ दिसत होता. इथे झोप कशी लागायची? माणूस रात्रभर सावरून बसायचा. आम्ही भाडंसुद्धा न विचारता बाहेर आलो.

तिसरा लॉज गल्लीत होता, पण रुंद गल्लीत. खाली जरीवाल्याचं दुकान. मॅनेजर वयस्क, कपाळाला गंध, समोर फाफड्याची पुडी उघडलेली. खोली पाहू का म्हटलं तर किल्ली सरळ माझ्याच हातात दिली. हे मला आवडलं.

लॉज कसा निवडावा हे कुणाला हवं असेल तर माझी रीत सांगते. पडद्याकडे बघू नका, पडदे सगळीकडे बरेच असतात. उशीचा अभ्रा उलटा करून आतली शिवण बघा. जिथे अभ्र्याची दोरे निघालेली शिवण कुणीतरी परत घालून घेतलीय, तिथे झाडूही कोपऱ्यापर्यंत पोचतो. या लॉजमधल्या अभ्र्याला आतून दुहेरी शिवण होती. चादरीला नीळ. खिडकीतून खालच्या दुकानातली जरीची रिळं उन्हात चमकताना दिसत होती, आणि पलंगाशेजारी भिंतीवर एक पांढरं बटण होतं. दाबलं की चहा येतो, मॅनेजर म्हणाला.

मी बाहेर येऊन ह्यांना सांगितलं, “हाई खोली मनी.”

तेवढ्यात आमची पिशवी वर आणून ठेवणारा रिक्षावाला मिशीतल्या मिशीत म्हणाला, “ताई, खोली ब्येस शे. घी ल्या. पन तारावहिनी संतापी.”

ह्यांच्या तोंडावरचा मफलर आपोआप खाली आला.

त्याचं नाव गुलाबभाऊ. शिरपूरकडचा. दोन वर्षांपासून ताराच्या खानावळीत दोन्ही वेळ जेवतो. मी त्याला म्हटलं, अहो, मग इतका वेळ हिंदी कशाला बोलत होतात? तर म्हणाला, “पॅसेंजर जसं बोली, तसं आपन बोलानं.” सुरतेत अहिराणीत गुपित बोलायचं म्हणजे धुळ्याच्या पाच कंदील चौकात उभं राहून बोलण्यासारखंच, हे आम्हाला कळायला हवं होतं.

हे हात जोडायच्या बेताला आले. गुलाबभाऊ मान हलवत म्हणाला, मी आपण होऊन सांगणार नाही. पण रात्री ताट वाढताना तारावहिनी प्रत्येकाला दिवसभराचं विचारते, मला तर आज कुणाला आणलं, कुठे सोडलं. तिच्यासमोर खोटं बोललो तर भाकरी घशाखाली उतरत नाही.

तो गेल्यावर हे पलंगावर बसले. “चाल, आताच जाऊ तिच्याकडे,” म्हणाले. मी नाही म्हटलं. आजवर ह्यांना मी इतकं सरळ ‘नाही’ क्वचितच म्हटलंय. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि मी भिंतीवरचं बटण दाबलं.

चहा आला. आलं आणि पुदिना घातलेला, गोड, दाट. पांढऱ्या कपात, बशीने झाकलेला. मी तो पलंगावर पाय पसरून, पाठीला उशी लावून प्यायले. हे सांगताना आत्ताही मला हसू येतंय, पण त्या क्षणी मी खरोखर सुखी होते.

उन्हं उतरल्यावर आम्ही बाहेर पडलो. पोंकाचे दिवस होते. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण आपण शेताच्या बांधावर बसून हात काळे करत खातो तो हे लोक गाडीवर, कागदात, लिंबू-मिऱ्याची शेव घालून खातात. दाणे इतके हिरवे आणि कोवळे की चावावे लागत नाहीत. त्याचे वडेही तळतात. मी आधी नाक मुरडलं, हुरड्याला शेव कशाला म्हणून, आणि मग दुसरा कागद मागितला. ह्यांनी मफलराची एक बाजू उचलून उचलून खाल्लं. शेव मफलरात अडकत होती. समोरून मराठी बोलणं ऐकू आलं की हे गाडीवाल्याकडे तोंड फिरवायचे. गाडीवाल्याला वाटलं, ह्यांना अजून हवंय. त्याने तीनदा वाढलं.

पर्वत पाटियाकडची मंडळी

दिवे लागून बराच वेळ झाल्यावर दारावर थाप पडली. चहावाल्याची थाप मला आता ओळखीची झाली होती, ही त्याची नव्हती.

दारात तारा. काखेत मोठा डबा, पदर कमरेला खोचलेला, हाताला पीठ तसंच. मागे सुदामभाऊ. डाइंगमधून आलेले तसेच, मनगटापर्यंत हात निळे. त्यांच्या मागे गुलाबभाऊ, अपराधी चेहऱ्याने.

“वहिनी,” तारा म्हणाली, “मनं घर पडी गयं व्हतं का?”

हे काहीतरी बोलायला गेले तर ती त्यांच्याकडे वळलीच नाही. “मना भाऊ सुरतले उना आन् लॉजमा उतरना! पंगतमा इतला लोकेस्ना देखत माले समजनं. मी काय सांगू त्यास्ले?” आणि तिने डबा टेबलावर ठेवून पदर डोळ्यांना लावला.

हे पार उतरून गेले होते. आता माफी मागावी, पिशवी उचलावी आणि तिच्यामागे निघावं, एवढंच शिल्लक होतं. पण मी तसं केलं नाही. मी तिचा हात धरून तिला पलंगावर बसवलं आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, तारा, ह्यांचा यात दोष नाही, हट्ट माझा. मला सांग, मी तुझ्या घरी आले असते तर आत्ता काय करत असते?

ती रडत होती, पण उत्तर तोंडून निघून गेलं. “मनासंगे भाकरी थापती.”

“बस, तेच,” मी म्हटलं. “मला एक रात्र कुणाच्याच भाकरी थापायच्या नव्हत्या. तुझ्या नाहीत, माझ्याही नाहीत.”

सुदामभाऊ आपल्या निळ्या हातांकडे बघत होते. तारा रागवेल, उठून जाईल, असं मला वाटत होतं. ती गादीवर तळहात फिरवत होती.

“आठे सकायले कोन उठाडस?” तिने हळूच विचारलं.

“कुणी नाही.”

“आन् चहा कोन करस?”

“कुणास ठाऊक! येतो.”

चहा कोणी केला हे माहीत नसताना माणूस तो पिऊ शकतो, हे तिला फारच नवलाचं वाटलं. मग म्हणाली, “सुरतले उनू तैपासून मी उजेडमा कधी उठनूच नही, वहिनी.” तक्रार नव्हती ती, नुसतं सांगितलं तिने. पहिल्या पाळीची माणसं अंधार असतानाच डबे घेऊन निघतात, त्यामुळे ताराची चूल त्याच्याही आधी पेटते. सणाला लूम बंद असले तरी सवयीने जाग येते. आणि तिची मुलं, दीर, गावाकडून आलेले गेलेले, सगळ्यांचं करून ती परत संध्याकाळच्या पिठाला लागते. गेली कित्येक वर्षं ती सुरतेत राहते आणि लॉजची खोली तिने आतून पहिल्यांदा पाहिली होती.

“आज इथेच झोप,” मी म्हटलं.

ती हसली. मी गंमत करतेय असं तिला वाटलं. मी गंमत करत नव्हते. म्हटलं, पलंग दोघींना पुरतो, पुरुषांना जाऊ दे तुझ्या घरी. भाऊ तुझ्याच दारात जाणार ना? मग पंगतीतल्या लोकांना सांगायलाही झालं.

“आन् सकायना डबा?”

आता माझी नजर ह्यांच्याकडे गेली. सुदामभाऊंचीही. गुलाबभाऊ तर उघडउघड हसत होता. हे खाकरले. “मी करीन,” म्हणाले. “शिकायला होतो तेव्हा करत होतो.” ते शिकायला होते त्याला एक जमाना झाला, आणि ह्यांची भाकरी मी पाहिलेली आहे. चित्रकलेच्या माणसाच्या हातून वर्तुळ इतकं बिघडावं हे एक कोडंच आहे. पण सुदामभाऊ पुढे झाले. सबंध वेळात ते पहिल्यांदाच बोलले. “ऱ्हा तू. एक दिन आम्ही करी लिसूत.”

ताराने त्यांच्याकडे असं पाहिलं की मी खिडकीकडे तोंड केलं.

आधी मात्र जेवण झालं. डब्यात वांग्याचं भरीत होतं, कांद्याची पात आणि हिरवी मिरची ठेचून घातलेलं, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी. भावाशी भांडायला निघालेल्या बाईने डबा आधी भरून घेतला होता. वास गल्लीपर्यंत गेला असावा, कारण मॅनेजरकाका वर आले. खोलीत बाहेरचं जेवण चालत नाही, आणि रूम तर मियाँ-बीवीच्या नावावर आहे, या बहेन कोण? ताराने भाकरीवर भरीत घालून ती त्यांच्या हातात देत फर्ड्या गुजरातीत सांगितलं, “भाईनी रूम एटले बहेननी रूम, काका.” काकांनी एक घास खाल्ला. मिरची लागली तशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसरा घास घेत ते म्हणाले, नियम नियमाच्या जागी बरोबर आहे, आणि भाकरी घेऊन खाली गेले.

पुरुष मंडळी रिक्षात बसून गेली. हे मागे वळून वळून पाहत होते, परेडला निघालेल्या नवख्या पोलिसासारखे. आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहून पोट धरून हसलो. मग तारा आरशासमोर बराच वेळ केस विंचरत बसली. एकदा उठली, आंघोळीच्या खोलीतला गरम पाण्याचा नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडला. बोलत होती, ते माहेरचं, आईचं, मुलांच्या शाळेचं, मुलगी घरातसुद्धा गुजरातीत उत्तर देते त्याचं. बोलताबोलता अर्ध्या वाक्यात तिला झोप लागली.

सकाळी

मला जाग आली ती सवयीने, अंधारातच. तारा उठून बसली असेल, दारही उघडून गेली असेल, असं मनात आलं. ती झोपली होती. भिंतीकडे तोंड करून, एक हात गालाखाली, लहान मुलासारखी.

उजाडलं. खाली जरीवाल्याने शटर उघडलं, त्याचा केवढा आवाज झाला, ती हलली नाही. गाडीची वेळ जवळ येत होती. हे रिक्षा घेऊन येणार होते आणि आम्ही तयार असायला हवं होतं. मी दोनदा तिच्या खांद्याशी हात नेला आणि दोनदा मागे घेतला. मग मी पिशवी भरून ठेवली, जराही आवाज न करता, आणि खुर्चीत बसले.

हे आले तेव्हा धापा टाकत होते. कानाच्या पाळीला पीठ, उजव्या हाताच्या बोटाला भाजलेलं. “चला चला, गाडी—” असं म्हणतच दार उघडलं. मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे. आपल्या बहिणीला असं झोपलेलं त्यांनी तिच्या लग्नानंतर पाहिलं नसावं. ते तिथेच, दारात, बराच वेळ उभे राहिले. मग वाकून चपला काढल्या, हातात घेऊन आत आले आणि माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले.

“गाडी गेली असेल,” मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “दुपारी काहीतरी मिळेल.”

मी डब्यांचं विचारलं. ते कुजबुजत म्हणाले, सगळे गेले, भाकरी घेऊन गेले, एकजण म्हणाला की उद्या वहिनी येणार ना, नक्की ना? मी पदर तोंडात धरला.

ऊन खिडकीतून आत आलं, फरशीवरून सरकत पलंगावर चढलं आणि ताराच्या तोंडावर पडलं. तेव्हा तिने डोळे उघडले. काही क्षण तिला कुठे आहोत ते कळेना. मग तिने खिडकी पाहिली, भावाला जमिनीवर बसलेलं पाहिलं, मला पाहिलं.

“माय वं,” ती म्हणाली, “इतलं उजाडनं!”

आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेऊन ती परत झोपली.